पाण्याची वाट

सोलापूर शहर मागे टाकून पुण्याच्या हमरस्त्याला लागले, म्हणजे थोड्याच वेळात दोन्ही बाजूंस उघडे माळ दिसू लागतात. काळ्या जमिनीचे पट्टे, बाभळींची विरळ रांग, मधूनच एखादे ज्वारीचे शेत, आणि या सर्वांवर पसरलेले अफाट आभाळ. याच रस्त्यावर चिंचोळीची औद्योगिक वसाहत आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले व पुढे राज्यात ठिकठिकाणी अशा वसाहती उभ्या राहिल्या. चिंचोळी ही त्यांपैकीच एक. महामंडळाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून लोक तिला 'चिंचोळी एमआयडीसी' म्हणतात. कोठे रसायने तयार होतात, कोठे यंत्रांचे सुटे भाग घडतात, तर कोठे सुताचे टॉवेल विणले जातात. सोलापूर हे चादरींचे आणि टॉवेलांचे गाव; तेव्हा मागांचा खडखडाट येथेही कानी पडला, तर नवल नाही.

या भागात पाऊस थोडा. कोकणात जेवढा पाऊस कोसळतो, त्याचा चौथा हिस्साही येथे क्वचितच पडतो. वर्षातील बहुतेक दिवस छतावर केवळ ऊन असते. त्यामुळे छत हा विषय माणसाच्या मनातून सहज निसटतो. परंतु भाद्रपद-आश्विनात परतीचा पाऊस येतो, तेव्हा एखाद्या रात्रीच तो सारी कसर भरून काढतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे एक लिटर पाणी पडले. या हिशेबाने दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद छतावर रात्रीतून ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर ५,००० लिटर पाणी पडते. हे पाणी वजनाने पाच टन भरेल! एवढे पाणी कोठून जाणार, हा प्रश्न ज्याने आधी विचारला नाही, त्याला त्याचे उत्तर मध्यरात्री, अंथरुणावर पडलेल्या थेंबाकडून मिळते.

अशाच एका लहानशा टॉवेल-कारखान्याची ही हकिकत आहे. कारखान्याच्या मागील बाजूस पत्र्याच्या छपराखाली माग चालत. पुढील बाजूस सपाट काँक्रीटच्या छताची एक प्रशस्त खोली होती. तिची लांबी-रुंदी दहा-दहा मीटर. तेथे एका अंगास सुताचे कोन रचलेले असत, दुसऱ्या अंगास तयार मालाचे गठ्ठे असत, आणि खिडकीजवळ सात-आठ बायका शिलाईच्या यंत्रांवर टॉवेलांच्या कडा शिवीत बसत. त्यांतील सर्वांत वयस्क बाईंना सारे जण 'अक्का' म्हणत.

गळतीची सुरुवात एका थेंबाने झाली. पहिल्या वर्षी तो अक्कांच्या यंत्राशेजारी पडला. त्यांनी तेथे एक बादली ठेवली. पावसाळा सरल्यावर मालकांनी गच्चीवर जाऊन, थेंब पडत होता त्याच्या नेमक्या वरच्या जागी डांबर फासून घेतले. दुसऱ्या वर्षी तेथे थेंब पडला नाही. तो दोन हात पलीकडे पडला. तेथेही डांबर फासले गेले. तिसऱ्या वर्षी गळती आणखी तिसरीकडे निघाली. दरसाल बादली सरकत होती आणि तिच्यामागोमाग डांबराचा डबा सरकत होता.

त्या तिसऱ्या वर्षी हस्ताच्या पावसाने रात्रभर झोड उठवली. सकाळी बायका कामावर आल्या, तेव्हा अक्कांच्या यंत्रावर छताचा ताटाएवढा पोपडा कोसळलेला होता. यंत्राचे चाक वाकले होते. वर पाहावे, तर छतातून दोन तांबूस सळया उघड्या पडलेल्या. कोणी काही बोलले नाही. अक्कांनी पदराने यंत्रावरचा चुरा झटकला आणि बसावयाचे स्टूल हळूच भिंतीकडे ओढून घेतले. परंतु मालकांची नजर त्या स्टुलाच्या मोकळ्या जागेवरून हटेना. हाच पोपडा दिवसा कोसळला असता तर!

त्याच दिवशी त्यांनी त्या भागाखाली लोखंडी टेकू लावले, शिलाईची यंत्रे मागच्या शेडमध्ये हलवली आणि खोलीस कुलूप घातले. पाऊस पूर्णपणे उलटला, गच्ची वाळली, आणि फाल्गुनात एका जुन्याजाणत्या मिस्त्रींना बोलावणे गेले.

मिस्त्रींचे वय साठीच्या पुढचे होते. अंगात जाड सदरा, डोक्याला मुंडासे आणि हातात एक लहान हातोडी. ते तडक गच्चीवर जातील, असे मालकांना वाटले होते. पण ते गेले शेडमध्ये, बायकांकडे.

"अक्का, थेंब कधी पडायचा? पाऊस चालू असताना, का थांबल्यावर?"

अक्कांनी क्षणभर विचार केला. "मामा, पाऊस लागला की तासाभरानं सुरू व्हायचा. अन् पाऊस उघडला तरी दोन-दोन दिवस टपकत राहायचा."

मिस्त्रींनी मान डोलावली. त्यांना हवे होते ते मिळाले. पाऊस पडताक्षणी जे पाणी येते, ते उघड्या भेगेतून सरळ येते. परंतु आकाश निरभ्र झाल्यावरही जे दोन दिवस टपकत राहते, ते पाणी कोठेतरी साठलेले असते. रोग्याला पाहण्यापूर्वी वैद्याने घरच्या माणसांना विचारावे, तशी ही विचारपूस होती. तीन वर्षे त्या छताखाली बसलेल्या बायकांना छताची नाडी ठाऊक होती. फक्त त्यांना कोणी विचारले नव्हते.

मग मिस्त्रींनी खोली उघडून घेतली. शिडीवर चढून ते हातोडीने छत हलकेच ठोकीत गेले. जेथे काँक्रीट शाबूत होते, तेथे 'खण' असा भरीव आवाज येई. जेथे ते आतून सुटले होते, तेथे 'बद्द' असा पोकळ आवाज येई. त्या पोकळ जागांभोवती त्यांनी खडूने रेघा ओढल्या. पोपडा पडला होता त्याहून कितीतरी मोठा भाग त्या रेघांनी वेढला गेला. उघड्या सळयांना मात्र त्यांनी हात लावला नाही. "मालक, सळयांचं काम आधी इंजिनिअरसाहेबांना दाखवा. किती जोर शिल्लक राहिलाय, ते हिशेबानं सांगणारा माणूस पाहिजे. मी अंदाजानं सांगणार नाही," असे ते स्पष्टपणे म्हणाले. अभियंत्याने येऊन सळया तपासल्या. गंज वरवरचा आहे, सळया पुष्कळशा शाबूत आहेत, परंतु आणखी दोन पावसाळे गेले असते तर छत उतरवावे लागले असते, असा त्याने निर्वाळा दिला.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. काँक्रीट म्हणजे सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचे मिश्रण. आज ज्या सिमेंटने आपण घरे बांधतो, त्याचा हक्क इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्याने १८२४ साली नोंदवला. भारतात पोरबंदर येथे १९१४ साली सिमेंटचे उत्पादन सुरू झाले. काँक्रीट दाबाखाली भक्कम असते, पण ओढ बसली की तडकते. लोखंड ओढ सोसते. या दोहोंची सांगड घालण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत जोसेफ मोनिए नावाचा एक फ्रेंच माळी होता. झाडे लावण्याच्या कुंड्या फुटू नयेत, म्हणून त्याने त्यांत लोखंडी जाळी घातली आणि १८६७ साली त्या कल्पनेचा हक्क घेतला. ही सोयरीक टिकली, याचे एक कारण असे की, उन्हात लोखंड आणि काँक्रीट जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात. दुसरे कारण असे की, सिमेंट क्षारधर्मी असल्यामुळे त्याच्या कुशीत लोखंड सहसा गंजत नाही. परंतु भेगेतून पाणी आणि हवा आत शिरू लागली, की ही कूस उघडी पडते. सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून तो आतून काँक्रीटला रेटतो आणि शेवटी पोपडा सुटतो. म्हणजे छताला बाहेरून कोणी मारलेले नसते. ते आतून फुटलेले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री गच्चीवर गेले. त्यांनी प्रथम ती झाडून घेतली. मग चार बादल्या पाणी ओतले आणि काही न करता कठड्यावर बसून राहिले. मालक घड्याळाकडे पाहू लागले. पाणी मात्र आपल्या मनाप्रमाणे हिंडत होते. ते पनाळीकडे गेलेच नाही. गच्चीच्या मध्यावर त्याचे तळे झाले. उरलेले पाणी हळूहळू पश्चिमेच्या कठड्याकडे सरकले आणि तेथे, कठडा व छत जेथे मिळतात त्या कोपऱ्यातील केसाएवढ्या फटीत, गुपचूप नाहीसे झाले.

"बघा, मालक," मिस्त्री म्हणाले, "चोर आत शिरला इथून, अन् तुम्ही राखण करीत बसलाव बारा हात लांब."

पनाळीचे तोंड पाहिले, तर ते कापसाच्या तुसाने गच्च भरले होते. मागांवरून उडालेले तूस वाऱ्याबरोबर गच्चीवर येई आणि पारव्यांच्या पिसांबरोबर तेथे चिकटून बसे. पाण्याचा बाहेर जाण्याचा मार्ग असा बंद झाला होता. गच्चीवरच्या कोब्याचा, म्हणजे विटांचे तुकडे व चुन्या-सिमेंटचा जो थर असतो त्याचा, उतार जागोजाग बसला होता. फटीतून शिरलेले पाणी या जुन्या कोब्याखाली स्पंजासारखे साठत होते, छताच्या पाठीवरून आडवे वाहत होते, आणि जेथे बारीक भेग सापडेल तेथून खाली उतरत होते. वरून डांबराने एक भेग बुजवली, की ते दुसरी शोधी. कठड्याच्या त्याच फटीत पिंपळाचे वीतभर रोपही उगवले होते. त्याची मुळे ओलाव्याचा माग काढीत आत शिरली होती. ओल कोठे आहे, हे त्या रोपाने सर्वांच्या आधी ओळखले होते!

ही फट पडली कशी? त्याचे उत्तर सोलापूरच्या उन्हात आहे. वैशाखात येथे पारा ४० अंशांच्या वर चढतो, आणि उन्हात पडलेले छत तर हवेपेक्षाही कितीतरी अधिक तापते. रात्री ते पुन्हा निवते. दहा मीटर लांबीचे काँक्रीट ३० अंशांनी तापले, तर ते सुमारे तीन मिलिमीटरांनी वाढते. तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. परंतु छत रोज दिवसा असे फुलते आणि रात्री आखडते. शेजारचा कठडा मात्र त्याच्याबरोबर तितका हलत नाही. या रोजच्या ओढाताणीत दोघांच्या मधला सांधा तुटतो. म्हणून जेथे दोन निरनिराळ्या वस्तू एकत्र येतात, तेथे, म्हणजे सांध्यात, नळाभोवती आणि खांबाच्या बुडाशी, जाणता कारागीर आधी पाहतो.

मालकांनी हे सारे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, "समजले. आता त्या फटीत काहीतरी भरा आणि सबंध गच्चीवर एक जाड थर देऊन टाका, म्हणजे झाले."

"नाही, मालक. जुना कोबा काढावा लागतोय. त्याच्या पोटात पाणी मुरलंय. वरून झाकलं, तर ते आतच कोंडून सळया खात बसेल. गळवाला चीर न देता वरून लेप दिल्यासारखं होईल ते. अन् दुसरं असं, की जुन्या थरावर नवा थर म्हणजे छताच्या पाठीवर दुप्पट ओझं."

"पण खर्च?"

"खर्च आहे. पण तीन वर्षांच्या डांबराचा, भिजलेल्या मालाचा अन् त्या मोडलेल्या यंत्राचा हिशेब एकदा मांडून बघा." मिस्त्री थोडे थांबले. मग सावकाश म्हणाले, "मालक, पाण्याशी भांडू नये. त्याला वाटेला लावावं. वाट दिली नाही, तर ते आपल्या घराची वाट लावतंय."

मिस्त्रींचे हे बोल त्यांच्या वडिलांचे होते. वडील गावोगावी माळवदे घालीत. सोलापूर आणि मराठवाडा या कमी पावसाच्या मुलखात पूर्वी घरांवर उतरती कौले नसत. सपाट मातीची माळवदे असत. लाकडी तुळया आणि सरे, त्यांवर काटक्या किंवा फळ्या, मग पाल्याचा थर, त्यावर चिखलमाती आणि सर्वांत वर पांढरी माती. ही पांढरी माती ओली झाली, की दाट बसते आणि पाणी सहजासहजी खाली जाऊ देत नाही. उन्हाळ्यात असे घर थंड राही. रात्री माणसे माळवदावर झोपत. त्यावरच मिरच्या आणि सांडगे वाळत. माळवद दिसावयास सपाट, पण त्यालाही पन्हळीकडे नकळत उतार दिलेला असे. आणि मुख्य गोष्ट अशी की, मृग निघण्यापूर्वी दरवर्षी घरातली लहानथोर माणसे माळवदावर चढत, गवत उपटीत, बिळे बुजवीत आणि नव्या पांढऱ्या मातीचा हात फिरवीत. सिमेंट आले, तेव्हा लोकांनी माती सोडली हे ठीकच झाले. परंतु तिच्याबरोबर त्यांनी दरसालची ही निगाही सोडून दिली. पक्के छत म्हणजे कायमचे छत, अशी त्यांची समजूत झाली.

मालकांनी होकार दिला आणि काम सुरू झाले. प्रथम कोबा फोडून खाली उतरवला गेला. त्याखालचे छत आठवडाभर उन्हात वाळू दिले. दरम्यान खोलीच्या आतून सुटलेले काँक्रीट छिनीने काढले. सळयांवरचा गंज तारेच्या ब्रशने घासून घासून लोखंडाची मूळ चकाकी वर आणली. अभियंत्याने सांगितल्याप्रमाणे सळयांना गंजरोधक लेप दिला, जुन्या-नव्याला सांधणारे रसायन लावले आणि मग विशेष मसाला दाबून भरला. वर, छताच्या भेगा छिनीने इंग्रजी 'व्ही' अक्षराप्रमाणे रुंद केल्या आणि धुऊन भरल्या. भेग बुजवण्यासाठी ती आधी मोठी करावी लागते, याचे मागावरच्या पोरांना मोठे नवल वाटले. परंतु धुळीने भरलेल्या फटीत मसाला चिकटत नाही. आधी ती स्वच्छ झाली पाहिजे, हे त्यांना मिस्त्रींनी समजावून सांगितले.

कठड्याच्या सांध्यात मिस्त्रींनी 'वाटा' घेतला, म्हणजे काटकोनी कोपरा मसाल्याने भरून गोलसर केला. कोपऱ्यात पाणी रेंगाळते. गोलाईवरून ते घसरून जाते. मग जलरोधक मिसळलेल्या सिमेंटचा पातळ लेप सबंध छतावर आणि कठड्यावर वीतभर उंचीपर्यंत चढवला. त्यावर भिजवलेल्या विटांचे तुकडे उभे रचून, त्यांच्या फटी मसाल्याने भरून नवा कोबा घातला. दर शंभर सेंटिमीटरांस एक सेंटिमीटर असा उतार धरला. म्हणजे दहा मीटरांच्या गच्चीत या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा सेंटिमीटरांचा फरक. डोळ्यांना तो दिसत नव्हता. परंतु पाण्याला तो चांगला कळणार होता. शेवटी वरचा पृष्ठभाग घोटून त्यावर दोरीने चौकड्या आखल्या. उन्हाने काँक्रीट आखडले, तर भेग वेडीवाकडी न जाता या रेघांच्या शिस्तीत राहावी, हा त्यातला हेतू.

आता खरी अडचण आली. चैत्र संपत होता. सिमेंट वाळून घट्ट होते, असा पुष्कळांचा समज असतो; वस्तुतः ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. कोवळ्या सिमेंटला पाणी मिळाले नाही, तर ते भुसभुशीत राहते आणि उन्हाने तडकते. पाण्याला अडवणारी ही वस्तू पाण्यावरच वाढते! मिस्त्रींनी गच्चीवर, झाडाभोवती करतात तशी मातीची आळी केली आणि त्यांत सात दिवस पाणी उभे ठेवावे लागेल, असे सांगितले. ऐन टंचाईचे दिवस, पाणी टँकरने विकत आणावयाचे. ते गच्चीवर ओतावे, हे मालकांच्या जिवावर आले. तेव्हा अक्कांनी तोड काढली. कारखान्यात टाकाऊ टॉवेलांच्या चिंध्यांचा ढीग होता. बायकांनी त्या गच्चीभर अंथरल्या आणि सकाळ-संध्याकाळ त्यांवर पाणी शिंपडले. ओल धरून राहिली आणि पाणीही निम्म्याने वाचले. "इतकी वर्षं आम्ही सिमेंटवर गोणपाटं टाकली," मिस्त्री हसून म्हणाले, "पण टॉवेल पांघरलेली गच्ची पहिल्यांदाच पाहतोय."

सात दिवसांनंतर परीक्षेची वेळ आली. पनाळीचे तोंड बंद करून गच्चीवर बोटभर पाणी साठवले. तीन दिवस ते तसेच ठेवावयाचे होते. पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी सायंकाळी छताच्या एका कोपऱ्यात, पनाळीच्या नळाजवळ, रुपयाएवढा ओला डाग दिसला. मालकांनी तो पाहिला; परंतु इतके काम पार पडल्यावर त्यांनाही आता आणखी काही नको होते. ते म्हणाले, "ही आधीचीच ओल असेल. जाईल वाळून."

मिस्त्रींना 'हो' म्हणणे सोपे होते. हिशेब दुसऱ्या दिवशी पुरा व्हावयाचा होता. पावसाळ्याला दीड महिना अवकाश होता. आणि तोवर कोण कोठे असेल कुणास ठाऊक! ते थोडा वेळ त्या डागाकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "नाही, मालक. आधीची ओल अशी वाढत नाही. नळाभोवती मसाला दाबायला माझाच हात कमी पडलाय. माझं चुकलंय, मीच फोडणार. याचे पैसे धरू नका."

रात्री पाणी सोडून दिले. पहाटे, ऊन चढण्यापूर्वी, त्या वृद्ध कारागिराने स्वतः घोटून गुळगुळीत केलेला कोबा नळाभोवती हातभर फोडला. खाली खरोखरच बोट जाईल एवढी पोकळी निघाली. ती त्यांनी भरली, पुन्हा वाटा घेतला, पुन्हा ओल्या चिंध्या अंथरल्या. आठवड्याने पुन्हा तीन दिवस पाणी साठवले. या खेपेस अक्कांनी डागाभोवती खडूचे वर्तुळ काढून ठेवले होते. तीन दिवस गेले. वर्तुळाच्या आत आणि बाहेर छत सारखेच कोरडे राहिले. शेवटी उन्हाची तलखी परतवण्यासाठी सबंध गच्चीवर पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. छत जेवढे कमी तापेल, तेवढी त्याची रोजची ओढाताण कमी होईल.

निरोप घेताना मिस्त्रींनी मालकांना दोनच गोष्टी सांगितल्या. मृगाच्या आधी एकदा आणि पुढे दर आठवड्याला पनाळीचे तोंड साफ करावे. आणि गच्चीवर काही ठोकावयाचे झाले, तर आधी दहादा विचार करावा. पिंपळाचे ते रोप त्यांनी मुळांसकट काढून ओल्या चिंधीत गुंडाळून ठेवले होते. ते कारखान्याच्या फाटकाबाहेर, भिंतींपासून दूर, मोकळ्या जागेत लावले गेले. "जागा चुकली होती त्याची, झाड चुकलं नव्हतं," असे ते म्हणाले.

त्या वर्षी परतीचा पाऊस जोराचा झाला. रात्रभर पनाळीतून पाण्याची धार अखंड पडत होती. सकाळी बायका कामावर आल्या, यंत्रे सुरू झाली, टॉवेलांच्या घड्या पडू लागल्या. छताकडे कोणीही पाहिले नाही. उत्तम काम झाल्याची याहून दुसरी खूण ती कोणती? अक्कांची बादली आता फाटकाशी असते. पाऊस नसतो त्या दिवसांत त्या तिने पिंपळाला पाणी घालतात. आणि शनिवारी काम सुटल्यावर मागावरच्या पोरांपैकी एक जण, कोणी न सांगता, गच्चीवर चढतो, पनाळीच्या तोंडाशी जमलेले मूठभर तूस काढतो आणि खाली उतरतो.